सोबतीचं मत

सोमवारी नेरच्या तहसिलीत मतं मोजली, त्यात तांड्यावरची सुखीबाई एका मतानं सरपंच झाली. आणि गुरुवारी सकाळी रामरावांचा ट्रॅक्टर पंचफुलाच्या वावराची वाट नांगरून गेला. एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध, हे पंचफुलाच्या ध्यानात यायला अजून एक दिवस लागायचा होता. त्या सकाळी ती आपली डोक्यावर पाण्याची कळशी, एका हातात सासूचा हात, अशी वेचणीला निघाली होती, अन् बांधाच्या, धुऱ्याच्या, तोंडाशी येऊन थबकली.

वाट होती तिथं ढेकळं होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी ओली ढेकळं.

"काय झालं व? थांबली काहून?" सासूनं विचारलं. गिरजाबुढीचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. पाच वर्षं झाली, तिला उजेड-अंधारापलीकडं काही दिसत नव्हतं.

"वाट नांगरली, आत्याबाई."

"कोणं?"

कोणं म्हणजे काय! ट्रॅक्टर समोरच उभा होता. त्यावर गोविंदा बसला होता, त्यांच्याच गल्लीतला, घरासमोरचा गोविंदा. रामरावांकडं सालानं, वर्षाच्या बोलीवर, कामाला होता. पंचफुलानं त्याच्याकडं पाहिलं तसा तो ट्रॅक्टरचं काहीतरी पाहायला खाली वाकला आणि ती पुढं जाईस्तोवर वर आलाच नाही.

उकंडाच्या, तिच्या नवऱ्याच्या, आज्यापासून त्या धुऱ्यानं बैलगाडी जात होती. जागा रामरावांची होती, ही गोष्ट खरी. पण वाट कोणाची, असा प्रश्न तीन पिढ्यांत कोणी काढला नव्हता. दुसरी वाट नाल्यातून. नाल्यात मांडीभर गाळ. माणूस कसाबसा निघेल, गाडी निघायची नाही. आणि वावरात, राखणीच्या गवती खोपडीच्या पुढं, पहिल्या वेच्याचा कापूस ढीग घालून पडला होता. वर आभाळ धरून आलं होतं. दिवाळीच्या तोंडावर पाऊस म्हणजे कापसाचं मातेरंच.

तसंही ते साल काही धड नव्हतं. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी वळवळायची. अर्धा कापूस पिवळा, किडका, म्हणजे कवडी. अळी मारायला फवारे मारले तर माणसंच आडवी पडली. उकंडा फवारणी करून आला त्या दिवसापासून त्याचे डोळे सुजून लाल झालेले, उजेड सोसत नव्हता, उभं राहिलं की गरगरायचं. दवाखान्यातून चार दिवसांनी घरी आला तो खाटेवरच होता. घरात उभं राहणारं माणूस म्हणजे एकटी पंचफुला. तिच्या मागं सत्तरीची आंधळी सासू, जी हातानं चाचपून बोंडं ओळखायची आणि कवडी कापूस बोटांनीच निराळा करायची.

शुक्रवारी दुपारी रामराव स्वतः घरी आले. असे ते कोणाच्या घरी जात नसत. पंधरा वर्षं सरपंचकी त्यांच्या घरात. या वेळी जागा बायांची निघाली म्हणून त्यांनी विमलताईंना, आपल्या बायकोला, उभं केलं होतं. निशाणी कपाट. सुखीबाईची निशाणी पंखा. या खेपेला सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता. मेंबर सारे रामरावांच्या बाजूचे आले, अन् सरपंच मात्र तांड्यावरची, कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण. तीनशे बारा विरुद्ध तीनशे अकरा.

रामराव खाटेच्या कडेवर टेकले. आवाज एकदम मऊ.

"कसं हाये उकंडा आता? डोळे उघडते काय?"

"हो जी, थोडे थोडे," उकंडा उठून बसायला लागला.

"पड, पड. मी काय परका हाये काय?" मग ते पंचफुलाकडं वळले. "गिरजाकाकूचं मत तू टाकलं म्हणते न? सोबती म्हणून?"

"हो भाऊ. त्यायले दिसत नाही त सायबानं सही घेऊन मले संगं जाऊ देल्लं."

"बरोबर. आपला पोऱ्या एजंट बसला होता, त्यानं पाह्यलं. आता ऐक. वकिलानं कागद तयार केला. कोर्टात अर्ज टाकून राह्यलो आपण. काकूनं तुले कपाट सांगतलं, अन् तू पंखा दाबला. एवढंच लिहून द्याचं."

"पण भाऊ, त्यायनं तसं..."

"काकूले काय समजते आता? वय झालं." बुढी तिथंच, भिंतीला टेकून, कापसाची सरकी बोटांनी चिवडत बसली होती, तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. "ते एक मत गेलं की बरोबरी. बरोबरीत चिठ्ठी निघते. अन् चिठ्ठीचं मी पाह्यतो. गावाची इज्जत हाये बापा. तांड्यावरची बाई खुर्चीवर बसन अन् आपण तिच्यापुढं दाखल्यासाठी उभं राहाचं?"

रामराव उठले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "वाट काय, एका दिवसात दाबून देतो. रोलर फिरवतो. पण सही नाही केली त मंग वकील म्हणते, खोटं मत टाकल्याची केस पडन. पोलीस येईन. मी त नाही थांबवू शकत. सोमवारी गाडी पाठवतो. काकूले बी आण, अंगठा लागते."

ते गेले तरी घरात त्यांच्या अत्तराचा वास राहिला होता. पोलीस हा शब्द त्या घरात आजवर कोणी स्वतःबद्दल ऐकला नव्हता.

"करून टाक सही," उकंडा डोळ्यांवर ओलं फडकं धरून म्हणाला. "आपल्याले कायले पाह्यजे ते? सुखीबाई काय आपल्याले वाट देणार हाये?"

"पण आत्याबाईनं पंखाच सांगतला होता."

"तुले माहीत, तिले माहीत. आणखी कोणाले माहीत हाये?"

भिंतीकडून बुढीचा आवाज आला. "मले माहीत हाये म्हंजे काही नाही काय रे?"

उकंडा गप्प झाला. पण तेवढ्यानं भेव काही गप्प होत नाही.

पंचफुलाला मतदानाचा दिवस आठवत होता, आणि आठवू नये असं वाटत होतं. शाळेची खोली. उकंडा डोळ्यांवर फडकं धरून, भिंतींच्या आधारानं सकाळीच मत टाकून गेला होता. पुठ्ठ्याच्या आडोशाआड मशीन. तिनं आधी स्वतःचं मत टाकलं होतं. सरपंचाच्या निळ्या कागदावर वर कपाट, खाली पंखा. आदल्या दिवशी रामरावांची माणसं घरोघरी सांगून गेली होती, कोण कुठलं बटन दाबते ते आपल्याले कळते, मशीनमंधी सारं दिसते. खोटं असेल, असं तिला वाटलंही होतं. पण पुठ्ठ्यामागं उभी राहिली आणि एजंटाच्या खुर्चीतला रामरावांचा पुतण्या खाकरला, तशी तिच्या डोळ्यांपुढं वाट आली, धुरा आला, खोपडीपुढचा कापूस आला, अन् तिचं बोट आपोआप कपाटावर गेलं.

हो, पंचफुलानं रामरावांना मत दिलं होतं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती.

मग ती सासूला घेऊन पुन्हा आत गेली. बुढीनं तिच्या कानाला तोंड लावलं. "सुखीचा पंखा. बोट नीट ठेव." या वेळी पंचफुलानं पंखाच दाबला. आपलं भेव आपल्यापुरतं. दुसऱ्याच्या मताला हात लावणं म्हणजे चोरी, एवढं तिला कळत होतं. शेवटचं बटन झाल्यावर मशीन टूं वाजलं, तशी बुढी लहान पोरीसारखी खुदकन हसली होती.

म्हणजे हिशेब असा, की ज्या मतानं सुखीबाई आली ते त्या आंधळ्या बुढीचं. आणि तेच आता खोटं होतं म्हणून लिहून द्यायचं.

रविवारी सुखीबाई तांड्यावरच्या सहा बाया घेऊन वेचणीला आली. सरपंच झाली म्हणून काही घरी बसली नव्हती. ओटी कमरेला बांधून पहिल्या तासाला, पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीला, लागली. हात तिचा असा चालायचा, की बोंड हलायचं नाही आणि कापूस मुठीत. मधूनच वळून ती बुढीला सांगायची, "गिरजामाय, डाव्या हाताले, डाव्या हाताले, तिथं चार फुटले." पाच वर्षांपूर्वी बुढीचे डोळे गेले, तेव्हा उकंडा म्हणाला होता, आता घरी बस. सुखीबाईनंच तिचा हात धरून तिला तासात उभं केलं होतं. "डोये कायले पाह्यजे कापसाले? हात हायेत न?" तेव्हापासून बुढी वेचत होती.

दुपारी आभाळ काळंभोर झालं. बायांनी कापूस गाठोड्यांत बांधला आणि डोक्यावर घेऊन नाल्यात उतरल्या. मांडीएवढ्या गाळात एक पाय काढावा तर दुसरा रुते. पंचफुला मधोमध अडकली. गाठोडं कलंडणार, इतक्यात मागून सुखीबाईनं हातानं पेललं. दोघी काठावर येऊन धापा टाकत बसल्या. पिंढऱ्यांना गाळ, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे.

"वाट त्यानं नांगरली, अन् गाळ आपल्या पायाले," सुखीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "म्या काय चोरी केली व? लोकायनं बटन दाबलं, सायबानं मोजलं, दोन खेपा मोजलं, सही करून कागद देल्ला. आता हा घरोघरी फिरून मतं वापस मांगून राह्यला! मत म्हंजे काय उसनं नेलेलं पीठ हाये काय?"

पंचफुला पायांचा गाळ काडीनं खरवडत राहिली.

"तुमच्या घरची तीन मतं होती म्हणून मी आली, फुला. मले माहीत हाये. इसरणार नाही मी."

पंचफुलाला त्या क्षणी नाल्यात परत जाऊन बुडावंसं वाटलं. तिला सांगायचं होतं, तीन नाही, बाई. पण तोंड उघडलं आणि शब्द निघाला तो भलताच. "उद्या मले नेरले नेऊन राह्यले. कागदावर सही कराले."

सुखीबाईनं तिच्याकडं पाहिलं. ती रागावेल, हात जोडेल, काहीतरी करेल असं पंचफुलाला वाटत होतं. तिनं यातलं काही केलं नाही. उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि एवढंच बोलली, "भेव त मले बी वाटते. काल तांड्यावर दोन मोटरसायकली येऊन गेल्या. देवसिंग म्हणते, राजीनामा दे अन् मोकळी हो." देवसिंग तिचा नवरा.

सोमवारी सकाळी पांढरी गाडी दारात उभी राहिली. पुढं रामराव. मागं पंचफुला आणि बुढी. सारा रस्ता रामराव बोलत होते, सोयाबीन, पाऊस, विमलताईंचं गुडघ्याचं दुखणं. एकदा त्यांनी गाडी थांबवून बुढीसाठी चहासुद्धा मागवला. पंचफुलानं आपला कप तसाच परत दिला. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

कोर्टाच्या आवारात निंबाखाली टेबलं मांडलेली. टायपिंगवाला, वकील, शिक्क्याची डबी. रामरावांच्या वकिलानं कागद पुढं सरकवला आणि भराभर वाचला. "मी, पंचफुला उकंडा ठोंबरे, शपथेवर लिहून देते की माझ्या सासूने कपाट या चिन्हासमोरील बटन दाबण्यास सांगितले असता मी हेतुपुरस्सर पंखा या चिन्हासमोरील बटन दाबले..."

"कर सही," वकील म्हणाला. "इथं. अन् इथं म्हातारीचा अंगठा."

शिक्का मारणारे वकील निराळे होते, म्हातारे, जाड भिंगाचे. त्यांनी पेन तिच्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "बाई, समजलं का काय लिहिलंय? हे खरं आहे का? सही केली तर तुम्ही खोटं मत टाकलं असं तुम्हीच कबूल करता. गुन्हा तुमच्याच अंगावर येईल."

"अहो, ते आमचं आम्ही पाहू," रामरावांचा वकील मध्येच बोलला.

पंचफुलानं रामरावांकडं पाहिलं. ते मोबाइलमध्ये पाहत होते. म्हणजे सही नाही केली तरी पोलीस, अन् केली तरी पोलीस! तिनं टेबलाची कड धरली. मांजर भेवानं कोपऱ्यात शिरतं आणि कोपरा संपला की वळतं; तसं काहीसं तिच्यात झालं असावं.

"सायेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आत्याबाईनं काय सांगतलं ते मी कोणाले सांगणार नाही. तसं मी शाळेत लिहून देल्लं हाये. पण माह्यं सांगतो. माह्यं सांगता येते न?"

"तुमचं तुम्ही सांगा," जाड भिंगवाले म्हणाले.

"मी कपाट दाबलं. भाऊंचं. माह्या मनात पंखा होता. पण वाट बंद करतीन म्हणून भेलो, अन् कपाट दाबलं." तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "खोटं मत माह्यं हाये, सायेब. खोडाचं असन त माह्यं खोडा. तसा कागद करा, मी आत्ता सही करतो."

टायपिंगवाल्याचे हात मशीनवर तसेच राहिले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहायला लागली. जाड भिंगवाल्यांनी मनातल्या मनात आकडा केला असावा, कारण ते हळूच म्हणाले, "मग तर दोनचा फरक पडतो."

रामरावांनी मोबाइल खिशात टाकला. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच भेसूर होतं. "चाल बापा," ते वकिलाला म्हणाले, "बाईची तब्येत बरी नाही दिसत." आणि पंचफुलाजवळून जाताना, फक्त तिला ऐकू येईल असं, "तू आता पाह्य."

पांढरी गाडी दोघींना तिथंच सोडून गेली.

त्या एसटीनं परतल्या. पंचफुला बुढीचा हात धरायला गेली तर तिनं तो पदराआड ओढून घेतला. आंधळ्या माणसानं तोंड फिरवलं की ते कसं दिसतं, ते पंचफुला पाहत होती, आणि पोलिसांचं भेव, रामरावांचं भेव एका बाजूला राहून तिला याचंच जास्त लागत होतं.

फाट्यावर उतरल्यावर बुढी म्हणाली, "मले घरात सांगतलं असतं त मी काय खाल्लं असतं काय तुले?"

"लाज वाटली, आत्याबाई."

"माह्यं मात्र पंखावरच दाबलं न?"

"तुमच्या मस्तकाची आण."

बुढीनं हात पुढं केला. पंचफुलानं तो धरला.

घरी पोचल्या तेव्हा दिवस कलायला आला होता. उकंडा दारात बसून होता. गाडी दोघींशिवाय परतली, ते गल्लीनं त्याला सांगितलं होतं. "केली काय सही?"

"नाही केली." मग तिनं उभ्या उभ्या सारं सांगितलं, कपाटाचंसुद्धा. आता हा ओरडेल, म्हणून ती थांबली.

उकंडानं डोळ्यांवरचं फडकं काढलं. ते हातात पिळलं.

"मी बी," तो म्हणाला.

"काय मी बी?"

"मी बी कपाटच दाबलं. गाडीचा इचार आला मनात. कापूस कसा काढाव..."

दोघं नवरा-बायको एकमेकांकडं पाहत राहिले. एका खाटेवर निजणारी माणसं, आणि आठ दिवस एकमेकांपासून तेच लपवत होती.

बुढी भिंतीशी टेकून बसली होती. तिनं बोटांवर काहीतरी जुळवलं. "मंग सुखी एका मतानं आली असं कोण म्हणते रे?" ती एकदम म्हणाली. "या एका घरातलेच दोन भेवाचे निघाले. गावात घरं किती हायेत!"

समोर गोविंदाच्या घरात चूल पेटली होती, धूर दारातून बाहेर येत होता. गोविंदा आत्ताच रामरावांकडून आला असणार. त्याच्या घरची मतं पाच.

उकंडा भिंतीला धरून उठला. चपला शोधायला लागला.

"अवो, कुठं चालले? गरगरते न तुमाले."

"गोविंदाकडं."

"कायले?"

"इचारतो त्याले. त्यानं काय दाबलं ते."

"येडे झाले काय? त्यायचा माणूस हाये तो! आत्ता जाऊन सांगन त्यायले."

"सांगन," उकंडा म्हणाला. "सांगनच बहुतेक." चपलेत पाय घालताना त्याचा अंगठा दोनदा चुकला. तो गल्ली ओलांडायला लागला, एक हात पुढं धरून, सुजल्या डोळ्यांनी अंदाज घेत. गल्लीच्या तोंडाशी कुठंतरी गाडीचा आवाज आला तसा तो मध्येच थांबला. आवाज दूर जाईस्तोवर तसाच उभा राहिला, आणि मग पुन्हा चालायला लागला. त्यानं गोविंदाच्या दाराची कडी वाजवली. पंचफुला आपल्या उंबऱ्यात उभी होती. तिला लय भेव वाटत होतं, पण तिनं दार लावलं नाही.